डब्यातलं दगडफूल नक्की कोणतं?

[टेबलावर वाटी, भिंग, पांढरा कागद]

नमस्कार मंडळी. वाटीत काय आहे, हे घरी गोडा मसाला करणाऱ्यांनी लांबूनच ओळखलं असणार. दगडफूल! परवा मंडईजवळच्या दुकानातून पन्नास ग्रॅम आणलं. आज ते भाजायचं नाहीये, नुसतं बघायचंय.

आधी एक सांगतो, नावावर जाऊ नका. हे फूल तर नाहीच, आणि बाजारात येतं ते बहुतेक दगडावरचंही नसतं, झाडाच्या सालीवरचं असतं. हा बुरशी आणि शैवालाचा जोडसंसार आहे, त्याला लायकेन म्हणतात. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. सायमन श्वेंडेनर या स्विस माणसाने १८६७ च्या सुमाराला हे मांडलं, तेव्हा लायकेनवर आयुष्य घालवलेल्या बऱ्याच जाणकारांना ते अजिबात पटलं नव्हतं.

आता माझी फजिती. पूर्वी एका व्हिडिओत मी छातीठोकपणे सांगितलं होतं, दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम ही एकच जात. पाकिटावर तसंच छापलेलं होतं! पुढे दहापटीचं भिंग घेतलं, तेच पाकीट उघडलं आणि गप्प बसलो. एका पाकिटात किमान तीन जातभाई निघाले.

तर ओळखायचं कसं? सुकलेलं दगडफूल हातात घेतलं की पापडासारखं मोडतं, म्हणून आधी मिनिटभर पाण्यात टाका. बघा, मऊ पडलं. आणि रंग? राखाडीचा हिरवट झाला. वरची साल ओली झाली की पारदर्शक होते, आतलं शैवाल दिसायला लागतं.

आता उलटं करा. खालची बाजू काळीकुट्ट, काठाजवळ तपकिरी, गुळगुळीत पट्टा. पाळ्या, म्हणजे पानासारखे पसरलेले भाग, रुंद आणि गोलसर असतील, तर आपण पार्मोट्रेमाच्या घरात आलो. पाळ्या अरुंद, लांब, पन्हळीसारख्या दुमडलेल्या आणि काठाला केस असतील, तर ते बहुधा एव्हर्नियास्ट्रम. हिमालयाकडून येणाऱ्या मालात ते भरपूर असतं. ते बाजूला ठेवा.

[भिंगातून, अगदी जवळून]

आता काठ बघा. इथेच खरी गंमत आहे. या तुकड्याच्या पाळीला पोलक्याला लावतात तशी गोट आहे, पांढरट पिठीची. बोटाला लागते बघा. ही पिठी म्हणजे सोरेडिया, बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेलं शैवाल. वाऱ्याने उडून जाईल तिथे नवा संसार. शिवाय काठाला तुरळक काळे केस. गोट अधिक केस, म्हणजे पर्लाटमची शक्यता दाट. पण थांबा! वरच्या बाजूला पांढऱ्या बारीक भेगांची जाळी दिसली, तर तो रेटिक्युलेटम, पार्मोट्रेमाचीच दुसरी जात. तोही पिठी धरतो, त्यालाही केस असतात. मी दोनदा फसलोय.

या दुसऱ्या तुकड्याला गोटही नाही, केसही नाहीत. वरून हात फिरवला तर रव्यासारखं खरखरीत लागतं. हे बारीक खुंट म्हणजे आयसिडिया. हा टिंक्टोरम, पार्मोट्रेमाची आणखी एक जात, असावा. 'असावा' म्हणतोय, कारण आता रसायनाची साक्ष काढायचीय.

ही युक्ती लायकेनचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांची, १८६६ ची. ब्लेडने वरची साल अगदी हलकी खरवडायची, आतला पांढरा गर उघडा करायचा आणि त्यावर सुईच्या टोकाने ताज्या क्लोरीन ब्लीचचा थेंब. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि हा तुकडा परत मसाल्यात टाकू नका, प्लीज!

[थेंब पडतो]

लाल! दिसलं? क्षणभरच टिकतो, म्हणून पापणी लववायची नाही. लाल झालं म्हणजे लेकॅनोरिक आम्ल, म्हणजे टिंक्टोरमच्या बाजूने साक्ष. त्या गोटवाल्या तुकड्याच्या गरावर ब्लीच टाकलं तर काहीच होत नाही. तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं: पिवळं होऊन नारिंगीकडे गेलं तर पर्लाटम, गडद लाल झालं तर रेटिक्युलेटम. ते मात्र घरी करू नका, कातडी भाजते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांना विचारून.

आणि पुण्यात असाल तर एक भाग्य आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांचा घोळ घालू नका, रस्ता गोपाळ गणेश आगरकरांचा, संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा यांनी भारतातल्या लायकेनवर तिथे मोठं काम केलं, आणि तिथल्या अजरेकर संग्रहात लायकेनचे नमुने जपलेले आहेत.

वेताळ टेकडीवर गेलात तर कातळावर रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग दिसतील. तेही लायकेनच, पण नखाने निघायचे नाहीत इतके चिकटलेले. ते या वाटीतलं नव्हे. रुंद पाळ्यांचं बघायचं तर महाबळेश्वरकडच्या ओलसर जंगलात झाडांची खोडं बघा. तोडू मात्र नका. तळहाताएवढं व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं गुन्हा आहे. फोटो काढा: वरून एक, काठाचा एक, आणि पाळी आपोआप उचललेली असेल तर खालून एक.

[कागदावर तीन ढीग]

पहिला ढीग, पर्लाटम, पुढे प्रश्नचिन्ह, कारण दुसरी परीक्षा बाकी आहे. दुसरा, टिंक्टोरम. तिसऱ्यात नुसता चुरा आहे, काठच उरलेला नाही. त्याच्या चिठ्ठीवर मी 'दगडफूल, मंडई' एवढंच लिहिलंय.