टेस्टोस्टेरॉन आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची भीती

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या महिन्यात धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, कमी असल्याचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन घेतलं की प्रोस्टेटचा कॅन्सर होतो म्हणतात, खरं आहे का?"

ही भीती निराधार नव्हती. १९४१ मध्ये शिकागोचे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले, की शरीरात पसरलेला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग टेस्टोस्टेरॉन बनवणारी वृषणे काढल्यावर ओसरतो. त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. संप्रेरक काढल्याने रोग ओसरतो, तेव्हा ते दिल्याने रोग जडणारच, असे पुढे धरले गेले. पण आपल्या विदर्भातली काळी जमीन एकदा पुरती भिजली, की वरून कितीही पाऊस पडला तरी ती आणखी पाणी धरत नाही. प्रोस्टेटच्या पेशीही टेस्टोस्टेरॉनच्या बऱ्याच कमी पातळीला तृप्त होतात, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांपैकी निम्म्यांना औषध व निम्म्यांना औषधविरहित जेल दिले गेले, आणि सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटात १२ तर दुसऱ्यात ११ जणांना प्रोस्टेटचा कर्करोग आढळला. मला हा मोठा दिलासा वाटतो. मात्र या चाचणीत पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन; ते वाढणे कर्करोगाचा इशारा असू शकतो) ३ च्या वर असलेल्यांना घेतलेच नव्हते, आणि तीन वर्षे हा हळू वाढणाऱ्या कर्करोगासाठी थोडाच काळ आहे. औषध घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाणही थोडे अधिक दिसले. शिवाय या औषधाने शुक्रजंतू घटतात. मूल हवे असलेल्या तरुणांनी जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून ते मुळीच घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्या गृहस्थांच्या रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ होती दुपारी साडेचार. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते, म्हणून तपासणी दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळीच व्हायला हवी. आम्ही ती तशी करवली, सोबत पीएसएही मोजला. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा ठीक निघाले आणि इंजेक्शनचा प्रश्न मिटला. पीएसए मात्र वाढलेला होता, म्हणून त्यांना मी मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवले आहे.