मॅनेजर गेल्यावर क्लबकडे काय उरतं?

12 मे 2013, ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचं मैदान. मॅच संपलीये, स्वान्सीला 2-1 नं हरवलंय, मँचेस्टर युनायटेडच्या विसाव्या लीग टायटलची ट्रॉफी थोड्याच वेळात हातात येणारे, आणि अॅलेक्स फर्ग्युसन माइक घेऊन मैदानात उभा आहे. मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, म्हणून घरच्या मैदानावरची ही त्याची शेवटची मॅच. साडेसव्वीस वर्षं झालीत. तो प्लेअर्सबद्दल बोलतो, स्टाफबद्दल बोलतो, आणि मग स्टँडकडे बघून आठवण करून देतो की माझे वाईट दिवस होते तेव्हा क्लब माझ्यामागे उभा राहिला, आता तुमचं काम एकच, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं.

लोक उभे राहिले पण. नवा मॅनेजर डेव्हिड मोयेसचा फोटो असलेलं 'द चोझन वन' लिहिलेलं बॅनर स्टँडमध्ये लागलं आणि महिनोन्महिने तिथेच राहिलं. क्लबनं सहा वर्षांचा करार दिला होता. मार्च 2014 मध्ये काही चिडलेल्या लोकांनी मोयेस आउटचं बॅनर लावून विमान उडवलं, तरी त्या दिवशी स्टेडियममध्ये त्याला टाळ्याच मिळाल्या. एप्रिलमध्ये त्याला काढलं. आदल्या सीझनला 89 पॉइंट आणि टायटल, या सीझनला 64 पॉइंट आणि सातवा नंबर, आणि प्लेअर्स बघाल तर बरेचसे तेच.

मग सगळ्यांनी मोयेसला धरलं. तो लहान क्लबचा माणूस, त्याला एवढ्या मोठ्या नावांना सांभाळता येईना वगैरे. त्यात थोडं तथ्य असेलही. पण त्याच्यानंतर व्हॅन गाल आला, मोरिन्यो आला, सोल्शायर आला, रांगनिक आला, टेन हाग आला, अमोरिम आला, कप मिळाले मधूनमधून पण लीग एकदाही नाही, आणि 2024-25 ला तर पंधरावा नंबर. एवढे वेगवेगळे मॅनेजर, वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या पद्धतीचे, सगळे एकाच जागी अडकतात तेव्हा प्रश्न माणसाचा राहत नाही, त्या जागेचा होतो.

त्या जागेत होतं काय ते बघूया. फर्ग्युसन 1986 ला आला तेव्हापासून त्यानं एकेक गोष्ट स्वतःच्या हातात घेतली. ज्युनिअर टीममध्ये कोण आहे, त्याचे आईवडील काय करतात, कुठला प्लेअर किती दिवस चालेल, कुणाला कधी विकायचं, कुणाशी कडक बोलायचं आणि कुणाला नुसतं खांद्यावर हात ठेवून सोडायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्याच्यासोबत पैशांचे आणि ट्रान्सफरचे व्यवहार बघणारा डेव्हिड गिल, तोही त्याच उन्हाळ्यात खुर्चीवरून उठला. मोयेसनं स्वतःचा कोचिंग स्टाफ आणला, जुने कोच गेले. म्हणजे तीन महिन्यांत क्लबची सगळी आठवणच दाराबाहेर गेली, आणि मागे जी टीम राहिली तिच्यात फर्डिनंड 34 चा, व्हिडिच आणि एव्हरा तिशी ओलांडलेले, गिग्ज 39 चा. फर्ग्युसननं या टीमला टायटल जिंकून दिलं ही त्याची कमाल. दुसऱ्या कुणाला ते जमेल असं क्लबनं धरून चालणं ही क्लबची चूक.

आता यातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. 2005 मध्ये ग्लेझर फॅमिलीनं क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. फॅन्सना ते तेव्हाच कळलं होतं. काही जण इतके तुटले की त्यांनी बाहेर पडून स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. 2010 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डचे स्टँड हिरव्या-पिवळ्या स्कार्फनी भरून गेले, हे क्लबच्या जुन्या न्यूटन हीथ नावाच्या काळातले रंग, मालकांच्या विरोधातले. युनायटेडचा जुना प्लेअर बेकहॅम मिलानकडून खेळायला आला तेव्हा मॅचनंतर त्यानंही तो स्कार्फ गळ्यात घातला. मग पुढच्या वर्षी टायटल आलं, आणि स्कार्फ हळूहळू कमी झाले. फर्ग्युसन मालकांबद्दल चांगलंच बोलायचा, आणि तो जिंकत होता, मग लोकांनी कुणाशी भांडायचं? मॅनेजरवर अवलंबून असणं हे फक्त मैदानावर नसतं. त्याच्या जिंकण्यामागे वरच्या लोकांचं सगळं झाकलं जातं आणि तो गेला की एकदम उघडं पडतं, तोवर उशीर झालेला असतो.

तरीपण मी युनायटेडच्या फॅनला विचारलं की हा सौदा परत करशील का, 38 ट्रॉफ्या घे आणि नंतरची ही सगळी वर्षं घे, तर बहुतेक जण हो म्हणतील असं मला वाटतं, आणि मी त्यांना वेडं म्हणणार नाही. 1999 ची ती बार्सिलोनामधली रात्र, चॅम्पियन्स लीगची फायनल, इंज्युरी टाइममधले दोन गोल, ते ज्यानं जगलंय त्याला 'बाबा रे, सक्सेशन प्लॅनिंग चुकलं' असं सांगून काय उपयोग. फक्त एक गोष्ट आहे, हा सौदा असाच असायला लागतो हे खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे दाखवणारा क्लब तिथून फार लांब नाही, लिव्हरपूलमध्ये आहे.

जुलै 1974. बिल शँक्लीनं राजीनामा दिला. हा माणूस 1959 मध्ये आला तेव्हा लिव्हरपूल सेकंड डिव्हिजनमध्ये होतं, त्यानं क्लब वर आणला, लीग जिंकली, दोनच महिन्यांपूर्वी न्यूकॅसलला 3-0 हरवून एफए कप घेतला होता, आणि शहरातले लोक त्याला घरातला माणूस मानायचे. त्या दिवशीचं जुनं फुटेज आहे, रिपोर्टर रस्त्यावर पोरांना बातमी सांगतोय आणि पोरांचा विश्वासच बसत नाहीये. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही हेच वाटलं असतं, की संपलं आता.

त्याच्या जागी बॉब पेझली आला, जो 1939 पासून त्या क्लबमध्ये होता. आधी प्लेअर, मग फिजिओ, मग कोच. त्याला मॅनेजर व्हायचंच नव्हतं खरं तर. पहिल्या सीझनला काही जिंकलं नाही, दुसरा नंबर आला. आणि त्यानंतर आठ वर्षांत एकूण सहा लीग आणि तीन युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग. शँक्लीला स्वतःला युरोपियन कप कधी मिळाला नव्हता. पेझलीनंतर फेगन मॅनेजर झाला, तोही 1958 पासून तिथलाच, पहिल्याच सीझनला लीग, लीग कप आणि युरोपियन कप.

हे जमलं कसं? लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानात एक छोटी खोली होती, बूट ठेवायची. मॅचनंतर कोच मंडळी तिथे बसायची, बोलायची, आणि रोजच्या ट्रेनिंगची नोंद वहीत लिहिली जायची, काय केलं, कोण दुखावलं, कशामुळे दुखावला असेल. पुढच्या वर्षी काही बिघडलं की मागची वही काढून बघायचे. शँक्ली त्या सगळ्याचा चेहरा होता, आवाज होता, पण वही क्लबची होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शँक्ली त्या पदावर काही कमी प्रेम करत नव्हता, राजीनाम्यानंतरही ट्रेनिंग ग्राउंडवर येत राहिला, प्लेअर्स त्याला अजून बॉसच म्हणायचे, आणि त्यानं पेझलीची अडचण व्हायला लागली, शेवटी ते थांबवावं लागलं. वाईट वाटतं ऐकताना. ज्या क्लबला त्यानं उभं केलं त्याला आता त्याची गरज उरली नव्हती, आणि त्यानं क्लब नीट उभा केला म्हणूनच ती उरली नव्हती.

आता याच्या बरोबर उलटं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, 1 मे 1993. मॅनेजर ब्रायन क्लफची अठरा वर्षं संपतायत. 1975 मध्ये तो आला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनला, 1977 ला वर, 1978 ला लीग चॅम्पियन, 1979 आणि 1980 ला सलग युरोपियन कप. इतक्या लहान क्लबनं असं काही केलेलं दुसरं उदाहरण सापडणं अवघड. आणि या शेवटच्या होम मॅचला फॉरेस्ट शेफिल्ड युनायटेडकडून 2-0 हरतं, खालच्या लीगमध्ये ढकललं जातं, आणि सगळं स्टेडियम क्लफचं नाव गातंय. टीम बुडाली त्याच दिवशी मॅनेजरसाठी गाणी. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. मला नाही वाटत. त्या लोकांना माहिती होतं की याच्याशिवाय आपल्याला युरोप वगैरे काय असतं तेही कळलं नसतं. पण त्याचा जोडीदार पीटर टेलर, जो प्लेअर शोधून आणायचा, तो 1982 मध्येच क्लब सोडून गेला होता, आणि त्यानंतर युरोपियन कप परत कधी आला नाही, म्हणजे एकट्या माणसाचा म्हणून सांगितला जाणारा चमत्कार मुळात दोन माणसांचा होता. 2005 मध्ये फॉरेस्ट थर्ड टियरला गेलं. प्रीमियर लीगमध्ये परत यायला 2022 उजाडलं.

बरं, मग उपाय काय, मॅनेजर दर दोन वर्षांनी बदलायचा? काही क्लब जवळजवळ तसंच चालवतात आणि छान चालवतात. ब्रायटनचा मॅनेजर पॉटर सप्टेंबर 2022 मध्ये सीझन चालू असताना चेल्सीला गेला, सोबत कोचही घेऊन गेला, दि झेर्बी आला, आणि त्याच सीझनला सहावा नंबर, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपियन स्पर्धेत जागा. कौतुक आहेच. पण तिथल्या फॅनला मॅनेजरवर जीव लावायला वेळच मिळत नाही, हे पण एक नुकसान आहे आणि ते टेबलमध्ये दिसत नाही.

म्हणून मला फ्रायबुर्ग जास्त आवडतो. जर्मनीतला लहान क्लब. फोल्कर फिंके तिथे 1991 ते 2007, सोळा वर्षं. त्यात टीम तीनदा खाली गेली, 1997, 2002, 2005, आणि तिन्ही वेळा क्लबनं त्याला ठेवलं. पुढे ख्रिस्तियान श्ट्राइश, 2011 च्या शेवटी आला आणि 2024 पर्यंत राहिला, 2015 ला तोही खाली गेला, त्यालाही ठेवलं, पुढच्या वर्षी परत वर. श्ट्राइश काही बाहेरून आणलेला माणूस नव्हता, तो 1995 पासून त्याच क्लबच्या पोरांना शिकवत होता. तो गेल्यावर जागेवर आला युलियान शुस्टर, क्लबचाच जुना कॅप्टन, आणि पहिल्या सीझनला पाचवा नंबर, चॅम्पियन्स लीग शेवटच्या दिवशी हुकली. इथे लोक मॅनेजरवर मनापासून प्रेम करतात, वर्षानुवर्षं करतात, आणि तरी तो गेल्यावर क्लब कोसळत नाही, कारण पुढचा माणूस आधीपासूनच आत असतो. जास्त वर्षं राहिलेला मॅनेजर म्हणजे अवलंबून असणं असं जे समजलं जातं ना, ते फ्रायबुर्गकडे बघितलं की टिकत नाही.

आणि आता परत अॅनफील्ड, 26 जानेवारी 2024. युर्गन क्लॉप व्हिडिओमध्ये सांगतो की सीझन संपला की मी जाणार, माझी एनर्जी संपत चाललीये. टीम तेव्हा लीगमध्ये टॉपला होती. फॅन्सची अवस्था वाईट. हा माणूस 2015 मध्ये आला आणि पहिल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये म्हणाला होता की शंका घेणाऱ्यांना विश्वास ठेवणारे बनवायचंय, आणि ते त्यानं खरंच केलं, 2019 ला चॅम्पियन्स लीग, 2020 ला तीस वर्षांनी लीग. एक सांगायला पाहिजे, शेवटच्या काही वर्षांत तिथेही सगळं क्लॉपच्या बाजूला झुकायला लागलं होतं, प्लेअर घेण्या-विकण्याचं बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स क्लब सोडून गेला, त्याच्यानंतर त्या जागेवर कुणी टिकेना. तो रस्ता ओल्ड ट्रॅफर्डकडे जाणारा होता. पण क्लॉपनं वेळेवर सांगितलं, आणि क्लबनं तो जायच्या आत एडवर्ड्सला परत आणलं, रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टरच्या जागेवर बसवलं, डेटा टीम होतीच, आणि मग या लोकांनी मॅनेजर शोधला. आर्ने स्लॉट, फायनूर्डचा. निरोपाच्या दिवशी क्लॉपनं स्वतः मैदानात उभं राहून स्लॉटच्या नावाचं गाणं म्हणून घेतलं. स्लॉटनं आल्यावर सगळं मोडून नवीन बांधायला घेतलं नाही, त्या सीझनसाठी नवीन प्लेअर म्हणाल तर एक किएझा, बाकी तीच टीम, ग्राव्हेनबर्खला मागे आणून मिडफिल्डचा आधार बनवलं, सालाहनं लीगमध्ये 29 गोल केले, आणि 27 एप्रिल 2025 ला टॉटनहॅमला 5-1 हरवून विसावं टायटल. त्या दिवशी स्लॉटनं माइक घेतला आणि क्लॉपचं नाव गायलं.

त्यानंतरचं पण सांगायला हवं. 2025 च्या उन्हाळ्यात ट्रेंट आणि डियाझ हे प्लेअर क्लब सोडून गेले, विर्ट्झ, इसाक, एकिटिके असे नवे आले, प्रचंड पैसे खर्च झाले, आणि दिओगो जोटा अपघातात गेला, ज्याचं दुःख त्या ड्रेसिंग रूमला किती झालं असेल ते आपण बाहेरून मोजू शकत नाही. शरद ऋतूत लिव्हरपूल लीगमध्ये सलग चार मॅच हरलं. लगेच सुरू झालं, ती टीम क्लॉपचीच होती, स्लॉट नुसता बसला, टायटल क्लॉपचं.

मला हा वाद मान्य नाही. क्लॉपनं टीम बांधली हे खरं, पण ती बांधायला आणि पुढच्याकडे नीट सोपवायला क्लबमधली माणसं होती, आणि 2013 च्या मँचेस्टरमध्ये नेमकी तीच नव्हती. सोपवलेली टीम जिंकली तर ते क्लबचंच टायटल. आणि नंतर हरायला लागले त्याची कारणं त्या उन्हाळ्यात शोधावी लागतील, कुणाला विकलं, कुणाला घेतलं, कोणी ठरवलं. हे प्रश्न फॅन्सनी विचारायलाच पाहिजेत आणि ते एडवर्ड्सला, ह्यूजला, मालकांना विचारायला पाहिजेत, कारण टीम हरायला लागली की तिथे टचलाइनवर उभा असलेला एकटा माणूस सगळ्यात आधी दिसतो आणि निर्णय घेणारे बाकीचे सगळे वरच्या बॉक्समध्ये बसलेले असतात.