वायरमधला स्विच : एका टेबल लॅम्पची दुरुस्ती

पडद्यावर दिसणारा हा टेबल लॅम्प साध्या घरातला आहे. धातूचा तळ, वाकवता येणारी मान, वर पत्र्याची टोपी आणि प्लगपासून हातभर अंतरावर वायरमध्येच बसवलेला काळा स्विच. त्याची तक्रारही ओळखीची आहे. बटण दाबले तर दिवा कधी लागतो, कधी दोन-तीनदा दाबावे लागते. लागला तरी मधूनच लुकलुकतो, आणि स्विच कानाजवळ नेला तर आतून बारीक चरचर ऐकू येते. असा दिवा बहुतेक घरांत टाकून दिला जात नाही आणि दुरुस्तही केला जात नाही. बटण एका विशिष्ट कोनात दाबण्याची युक्ती घरातल्या सगळ्यांना पाठ होते आणि दिवा तसाच वापरात राहतो. ती युक्ती धोक्याची का आहे आणि दुरुस्ती नेमकी कशाची करायची, हे आपण या लघुपटात पाहणार आहोत.

स्विचला दोष देण्याआधी इतर संशयितांची चौकशी करावी लागते. बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहावा. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहावा, कारण बोर्डावरच्या जुन्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या की दिवा असाच लुकलुकतो. पिनच्या होल्डरमध्ये दोन स्प्रिंगदार खिळे असतात. त्यांतला एखादा आत अडकून बसला, तरी लक्षणे हीच दिसतात. आणि वायर जिथे लॅम्पच्या तळात शिरते किंवा प्लगमधून बाहेर पडते, तिथे रोजच्या वाकण्याने आतली तांब्याची तार तुटलेली असू शकते, जरी वरचे आवरण शाबूत दिसत असले तरी. या चारही जागा ठीक असतील आणि स्विचवर बोट ठेवताच उजेड कमी-जास्त होत असेल, तर मात्र दोष स्विचमध्येच आहे.

आता प्लग सॉकेटमधून पूर्ण काढलेला आहे. नुसते बोर्डावरचे बटण बंद करून काम सुरू करणे योग्य नाही, कारण त्या बटणातून फेज (वीज घेऊन येणारी, धक्का देणारी तार) तुटत आहे की न्यूट्रल (परतीची तार), याची खात्री बाहेरून पाहून देता येत नाही.

स्विचच्या पाठीवरचे दोन स्क्रू काढले की त्याचे दोन भाग सुटतात. इथे जरा जवळून पाहू. एक वायर न तुटता सरळ बाजूने निघून जाते. दुसरी वायर कापून तिची दोन टोके पितळेच्या दोन टर्मिनलांना स्क्रूने आवळलेली आहेत, आणि बटणाखालची छोटी पट्टी या दोन टर्मिनलांना जोडते किंवा वेगळे करते. या पट्टीचे टोक चकचकीत असायला हवे होते. ते काळे पडले आहे आणि त्यावर खड्डे दिसत आहेत. टर्मिनलाजवळचे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित फुगले आहे. स्क्रूला पेचकस लावला, तर तो जोर न लावताच पाव फेरा फिरतो. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण पुष्कळदा खरी सुरुवात तिथूनच झालेली असते.

दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर होताना त्यांच्यामधल्या हवेत क्षणभर ठिणगी पेटते, आणि बटण हळू सुटले तर ती जास्त वेळ टिकते. 1884 साली न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात उघडणारा स्विच तयार केला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. आजच्या बटणातला ‘टक्’ हा आवाज त्याच तत्त्वाचा आहे. आपल्या घरातला वीजपुरवठा 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा, म्हणजे प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. तरीही प्रत्येक उघडझापेला धातूचा सूक्ष्म अंश जळतोच. एलईडी बल्ब लावला म्हणजे स्विचवर भार राहिला नाही, असा समज आहे. चालू असताना त्याचा प्रवाह खरोखरच फार कमी असतो. पण त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रिकामा असल्यामुळे बटण दाबण्याच्या क्षणी तो नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढून घेतो, आणि तो धक्का संपर्कबिंदूंनाच सोसावा लागतो.

संपर्क बिघडला की पुढचे चक्र आपोआप फिरू लागते. 60 वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. काळ्या पडलेल्या जागी 50 ओहमचा रोध तयार झाला, तर आगपेटीएवढ्या बंद डबीत सुमारे तीन वॉट उष्णता एकाच बिंदूवर निर्माण होते. त्या उष्णतेने पट्टीचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की संपर्क आणखी सैल होतो, आणि सैल संपर्क आणखी तापतो. प्रवाह जास्त वाढला की वीज तोडणारा फ्यूज किंवा एमसीबी हे थांबवू शकत नाही, कारण इथे प्रवाह वाढलेलाच नसतो. बटण कोनात दाबण्याची घरगुती युक्ती धोक्याची आहे, ती यामुळे.

काळी पट्टी पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करण्याचा मोह होतो, आणि घासल्यावर दिवा लागतोही. पण घासताना पट्टीवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि गेलेला ताण परत येत नाही. जुना, जड, आता कुठेच न मिळणारा स्विच असेल तर ही खटपट समजू शकते. वायरमधल्या साध्या स्विचसाठी ती वाया आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत तो सहज मिळतो, आणि गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही असतो. घेताना रंगापेक्षा आत पाहावे : रिव्हेटने कायमचा बंद केलेला नको, स्क्रूने उघडणारा हवा, आत वायर दाबून धरणारी पट्टी हवी, आणि अंगावर व्होल्ट व अँपिअर स्पष्ट छापलेले हवेत.

नवा स्विच बसवण्याआधी मात्र एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि या दुरुस्तीचा गाभा तोच आहे. वायरमधला हा स्विच दोनपैकी एकच तार तोडतो. ती तार फेजची असली पाहिजे. न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज तशीच पोहोचलेली असते, आणि बल्ब बदलणाऱ्याचे बोट तिथेच जाते. दोन गोल पिनांचा प्लग या बाबतीत बेभरवशाचा आहे, कारण तो उलटा घातला की फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होते. बटण बंद असूनही एलईडी बल्ब अंधारात मंद पेटलेला दिसतो, त्याचे एक कारण हेच असते. दोष बल्बच्या माथी मारला जातो.

म्हणून या लॅम्पला तीन पिनांचा प्लग आणि तीन तारांची वायर लावणे इष्ट आहे. सॉकेटकडे समोरून पाहिले असता मोठे भोक वर असते, ते अर्थिंगचे. उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल, अशी आपल्याकडची रीत आहे. बोर्डाच्या जोडणीत ती पाळली गेली आहे की नाही, हे टेस्टरने, म्हणजे फेजला टेकताच पेटणाऱ्या पेचकसाने, पाहून घ्यावे. तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. लॅम्पचा तळ धातूचा असल्यामुळे ही तिसरी तार त्या धातूला स्क्रूने पक्की जोडलेली हवी. स्विचमध्ये फक्त तपकिरी तार कापायची. निळी आणि हिरवी-पिवळी अखंड जाऊ द्यायच्या. त्यासाठी आत तेवढी जागा असलेला स्विच घ्यावा लागतो. होल्डर स्क्रूचा असेल, तर फेज तळाच्या मधल्या पत्रीला जोडावी, बाहेरच्या आट्यांना नव्हे.

टोकावरचे आवरण सात-आठ मिलिमीटरच सोलावे. तारेचे बारीक धागे बोटांनी घट्ट पिळून, टर्मिनलाचे भोक मोठे असेल तर दुमडून आत घालावेत, आणि एकही धागा बाहेर सुटा राहू देऊ नये. काही जण टोकाला आधी सोल्डर लावतात, काम नीटनेटके दिसते म्हणून. स्क्रूच्या टर्मिनलात ते टाळावे : सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत स्क्रू पुन्हा सैल होतो. स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. धरपट्टीने वायरचे बाहेरचे आवरण पकडले पाहिजे, नुसत्या आतल्या तारा नव्हेत. म्हणजे कोणाचा पाय वायरीत अडकला तरी ओढ टर्मिनलावर येत नाही.

लॅम्प थेट सॉकेटमध्ये लावण्याआधी वायरमन मंडळी तो सिरीज बोर्डावर तपासतात. या बोर्डावर 100 वॉटचा साधा बल्ब फेजच्या मार्गातच जोडलेला असतो. आत कुठे दोन तारा एकमेकींना टेकल्या असतील, तर ठिणगी किंवा स्फोट होत नाही. तो बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि चूक कळते. घरी असा बोर्ड नसतो, पण परिसरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ही तपासणी दोन मिनिटांत होते.

शेवटची तपासणी होल्डरची. बल्ब काढावा, प्लग लावावा, वायरमधला स्विच बंद ठेवावा आणि टेस्टरचे टोक होल्डरच्या दोन्ही खिळ्यांना आळीपाळीने लावावे. बोटे धातूपासून लांब असावीत. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहिलेला असावा, नाहीतर बंद पडलेला टेस्टर सगळेच सुरक्षित असल्याचे सांगतो. दोन्ही ठिकाणी तो पेटला नाही, तर फेज योग्य जागी तुटत आहे. मग प्लग काढून बल्ब बसवावा, दिवा अर्धा तास चालू ठेवावा आणि स्विचवर हात ठेवून पाहावे. तो कोमट लागला, तर प्लग काढून टर्मिनलांचे स्क्रू पुन्हा तपासावेत.