विषाणू खच्ची करायचा म्हणजे नेमकं काय करायचं

(उदगीरला विज्ञान शाखेची पोरं आणि पशुपालक असे एकत्र बसले होते, त्या कार्यक्रमातलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, माइकची खरखर आणि चहाचे गोंधळ तेवढे काढलेत.)

बसा बसा, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. लोकांची सगळ्यात मोठी शंका काय, तर लसीत विषाणूच घालायलेत, अन् तोही लॅबमध्ये जीन बदललेला, मग त्यापेक्षा रोग परवडला. शंका चुकीची नाही, पण जीन बदलला म्हटलं की आपल्याला वाटतं विषाणूला काहीतरी नवी ताकद दिली, आणि लसीच्या कामात बहुतेक वेळा ह्याच्या बरोब्बर उलटं चालतं, त्याच्याकडचं काढून घेतात.

कोविशिल्ड घ्या, इथल्या निम्म्याहून जास्त लोकांनी घेतली असेल. तिच्यात चिंपांझीचा अ‍ॅडेनोव्हायरस आहे, सर्दी-पडसं करणाऱ्या जातीतला. माणसाचाच का नाही घेतला, तर आपल्यातल्या भरपूर जणांच्या अंगात माणसाच्या अ‍ॅडेनोव्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून असतात, लस कामाला लागायच्या आधीच तिचा निकाल लागायचा. तर हा चिंपांझीवाला घेतला, त्याचे ई-1 आणि ई-3 नावाचे जीन कापून टाकले, आणि कोरोनाच्या अंगावरच्या काट्यांचा, म्हणजे स्पाइक प्रोटीनचा जीन त्याच्यात बसवला. ई-1 गेला की ह्या विषाणूला स्वतःच्या कॉप्या काढता येत नाहीत. तुम्ही देवणी गोऱ्हा खच्ची करता ना, नंतर तो औताला चालतो, गाडीला चालतो, पण वासरू होत नाही त्याच्यापासून, तसाच हा प्रकार. पेशीत शिरतो, स्पाइकचा जीन तिथं देतो, आपली पेशी स्पाइक तयार करते, शरीर ते बघून शिकतं, आणि विषाणूचा वंश तिथंच खुंटतो.

आता पोरांपैकी कुणीतरी विचारायला पाहिजे की सर, वाढतच नाही तर कारखान्यात एवढा तयार कसा करतात? अर्ध्या एमएलच्या एका डोसात 5000 कोटी विषाणूकण असतात, कमी नाही. त्याचं उत्तर भारी आहे. 1973 साली नेदरलँड्समधल्या लायडनला माणसाच्या पेशींची एक लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढतच राहणारा पेशींचा वंश, तयार झाली, एचईके-293, त्या पेशींच्या स्वतःच्या डीएनएतच ई-1 बसलेला आहे. मग विषाणूकडं जे नाही ते ती पेशी पुरवते, त्या पेशींच्या टाकीत तो वाढतो, बाहेर आला की पुन्हा वाढ बंद. हे ज्यानं पहिल्यांदा जुळवलं त्याला खरंच मानलं पाहिजे.

रक्ताच्या गुठळ्यांचं काय, असं पुटपुटलं कुणीतरी. खरं आहे ते, लपवायचं कशाला? 2021 च्या मार्चमध्ये युरोपात लक्षात आलं, अ‍ॅडेनोव्हायरसच्या लसीनंतर फार थोड्या लोकांत प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होतात, काहींचा जीवही गेला. दुर्मिळ आहे, पण आहे. व्हॉट्सअपवर जे फिरतं ते वेगळं, आणि हे वेगळं. आणि कोवॅक्सिनचा ह्याच्याशी संबंध नाही, तिच्यात अख्खा कोरोना मारून घातलेला असतो, जीन-बीन काही बदललेला नाही.

पण मला आज खरं पोलिओवर बोलायचंय, कारण ही गोष्ट आपल्याकडं कुणी सांगतच नाही. पल्स पोलिओ 1995 ला सुरू झालं, रविवारी अंगणवाडीत रांग, दोन थेंब, करंगळीला शाई, इथल्या सगळ्या पोरांनी ते केलंय. ते थेंब म्हणजे जिवंत पण मऊ केलेला विषाणू. ही थेंबांची लस काढणारे शास्त्रज्ञ सेबिन साहेब, त्यांनी तो माकडात आणि माकडाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून आणि निवडून मऊ केला, म्हणजे विषाणूत बदल आपोआप होत गेले आणि ह्यांनी त्यातला कमी त्रासाचा उचलला, त्याच्या आरएनएतली, म्हणजे जीनच्या मजकुरातली, नेमकी कुठली अक्षरं बदलली हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं वाचून काढलं तर पोलिओच्या तीन टाइपांपैकी टाइप 2 चा मऊपणा मुख्यतः दोनच जागांवर टिकलेला निघाला, आणि त्यातली एक जागा, 481 नंबरचं अक्षर, लसीनंतर काही दिवसांतच पोराच्या आतड्यात परत मूळपदावर जाते. एक अक्षर! ज्या गावात सगळ्या पोरांना थेंब मिळालेत तिथं ह्यानं काही बिघडत नाही, पण जिथं निम्मी पोरं सुटलेली असतात तिथं हाच विषाणू ह्याच्याकडून त्याच्याकडं फिरत फिरत पुन्हा पाय लुळे करणारा होतो. म्हणून जंगली टाइप 2 संपल्यावर, शेवटचा 1999 ला आपल्याच देशात अलीगढला सापडला होता, 2016 च्या एप्रिलमध्ये जगभर थेंबांमधून टाइप 2 काढून टाकला.

तरी आफ्रिकेत साथी चालूच राहिल्या, मग ठरलं की आता हाच विषाणू मुद्दाम, अक्षर न अक्षर बघून दुरुस्त करायचा. तीन कामं केली. ते 481 वालं अक्षर ज्या भागात आहे तो भागच नव्यानं रचला, असा की एक अक्षर पलटून भागत नाही, एकाच वेळी बरीच पलटावी लागतात. दुसरं, कॉपी काढायला विषाणूला आपल्या आरएनएतला एक छोटा तुकडा लागतोच लागतो, तो उचलून ह्या मऊ भागाच्या शेजारी नेऊन ठेवला. का? आतड्यात दुसरे विषाणू पण असतात, त्यांच्याशी हे तुकड्यांची अदलाबदल करतात, आता ह्यानं मऊ भाग टाकून दुसऱ्याचा घेतला तर तो कॉपीचा तुकडा पण सोबत जातो आणि वाढच थांबते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा उठून येरझाऱ्या घातल्या होत्या. तिसरं, कॉपी काढणारं एन्झाइम असं बदललं की चुका कमी होतात, म्हणजे पलटायला संधीच कमी.

टेस्ट कुठं केली माहितीये? 2017 ला बेल्जियममध्ये, अँटवर्पच्या विद्यापीठात पार्किंगच्या जागेत कंटेनर लावून वस्ती केली, पोलिओपोलिस नाव दिलं, 15-15 च्या दोन गटांत लोक 28 दिवस आत बंद, कारण टाइप 2 बाहेर पडलेला चालणार नव्हता. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूएचओनं तातडीच्या वापराला मान्यता दिली आणि आतापर्यंत शंभर कोटींच्या वर डोस गेलेत. मग संपला का विषय? नाही. 2023 ला बुरुंडी आणि काँगोत ह्या नव्या लसीतूनसुद्धा पलटलेला विषाणू सापडला. जुन्यापेक्षा लई कमी वेळा होतंय, पण जिथं पोरं सुटतात तिथं होतंयच.

आता लम्पी, नाहीतर पुढच्या रांगेतले मला जाऊ देणार नाहीत. 2022 ला जनावरांचे बाजार बंद झाले तेव्हा गाईंना जी लस दिली ती शेळ्यांच्या देवीची होती, दोन्ही विषाणू एकाच भावकीतले म्हणून चालली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगरच्या सरकारी संस्थांनी खास लम्पीची लस जाहीर केली, 2019 ला रांचीत सापडलेल्या विषाणूपासून, पण तीही पेशींत वाढवून वाढवून मऊ केलेली, सेबिनच्याच पद्धतीनं. म्हणजे तुमच्या गाईला जीन कापलेली लस कुणी दिलेली नाही. मला विचाराल तर द्यायला पाहिजे. कारण शेळ्यांच्या देवीची लस दिली की रक्त तपासून लसीची गाय कुठली आणि रोग होऊन गेलेली कुठली हे सरळ सांगता येत नाही, दोन्हीत अँटिबॉडी सारख्याच. युरोपात गाईंच्या आयबीआर नावाच्या श्वसनाच्या रोगासाठी जी-ई नावाचा जीन काढलेली लस वापरतात. लस दिलेल्या गाईत जी-ई च्या अँटिबॉडी नसतात, रोग झालेलीत असतात, बस, गोठाच्या गोठा असा चाळून काही देशांनी आयबीआर हटवला. आपल्याकडं लम्पीला असं काही सगळीकडं वापरात आलं तर हाळीच्या बाजारात जनावर घेताना नुसतं कानातला बिल्ला आणि मालकाचं तोंड बघून विश्वास ठेवायची पाळी येणार नाही.

परवानगी कोण देतं? 1989 चे नियम आहेत, पर्यावरण कायद्याखालचे. आधी संस्थेची स्वतःची कमिटी, मग दिल्लीत आरसीजीएम, म्हणजे जीन बदलाचं संशोधन तपासणारी सरकारी कमिटी, आणि बदललेला जीव उघड्यावर सोडायचा असेल तर जीईएसी, ही पर्यावरण मंत्रालयाची कमिटी. वेळ लागतो, आमच्यातलेच लोक त्यावरून कुरकुर करतात, मी करत नाही.

हां, बोला मावशी. लस दिलेल्या गाईचं दूध? प्या की, उकळून प्या, तसंही तुम्ही उकळताच. लम्पी माणसाला होत नाही. एक-दोन दिवस दूध कमी येईल, टोचलं तिथं थोडी सूज दिसेल, तेवढ्यावरून डॉक्टरला शिव्या घालू नका. आणि गाभण गाय असेल तर टोचायच्या आधी सांगा त्यांना, नंतर नाही.