जाड तारेची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. लाईट गेली की आपण आधी खिडकीतून काय बघतो? शेजाऱ्यांकडे आहे का! त्यांचीही गेली असेल तर जरा बरं वाटतं. वीज खात्यातल्या माणसाचं उलट असतं. जितकी घरं जास्त अंधारात, तितका त्याच्या पोटात गोळा मोठा.

अशाच एका पावसाळी रात्री आमचा ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून घरांकडे वीज नेणारी अकरा हजार व्होल्टची लाईन, ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं पुन्हा चार्ज केला, म्हणजे वीज सोडली, पुन्हा ट्रिप. मी नवाकोरा इंजिनिअर, सोबत पंचवीस वर्षं खांब चढलेले वायरमन. मधला एबी स्विच, म्हणजे लाईन मध्येच तोडणारा खांबावरचा स्विच, उघडायचा, अलीकडची लाईन चार्ज करायची. टिकली तर दोष पलीकडे. असं करत शेवटचा तुकडा उरला. पण त्या पावसात टॉर्च मारून दिसतंय काय? वायरमन म्हणाले, "साहेब, टॉर्च विझवा." म्हटलं, अंधारात काय दिसणार? "विझवा तर खरं!" त्यांनी ऑपरेटरला एकदाच चार्ज करायला सांगितलं. लांब एका खांबाच्या डोक्यावर निळा जाळ उठला आणि विझला. तारेची वीज खांबात उतरू न देणारा तो इन्सुलेटर, त्याला केसाएवढी चीर, चिरेत पाणी. (हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा नसतो बरं का, दर वेळी धक्का सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरलाही बसतो.)

लाईन बंद ठेवून काम करायचं परमिट घेऊन तिथं पोचलो, तर तो खांब मुख्य लाईनवर नव्हताच. दहा-बारा घरांकडे जाणारा एक फाटा होता. फाट्याच्या तोंडाशी डीओ फ्यूज, म्हणजे उडाला की खाली लटकून फाटा तोडणारा फ्यूज. तो उडाला असता तर तेवढीच घरं अंधारात गेली असती. पण "सारखा उडतो" म्हणून कुणीतरी त्यात जाड तार बांधून ठेवलेली! दहा-बारा घरांचा बिघाड हजारभर घरांनी चार तास भोगला.

बिघाड होणारच. तो किती घरांनी आणि किती वेळ भोगायचा, ते ठरवता येतं. पुन्हा सांगतो: किती घरं, किती वेळ. त्याचेच दोन आकडे आहेत, सैफी आणि सैडी: एका ग्राहकामागे सरासरी किती वेळा वीज गेली ती सैफी, किती मिनिटं गेली ती सैडी. वर्षभरात हजार ग्राहकांपैकी ३०० जणांची वीज एकदा १०० मिनिटं गेली, तर सैफी ०.३ आणि सैडी ३० मिनिटं.

घरं कमी करायला फाट्या-फाट्यावर योग्य फ्यूज. वेळ कमी करायला दोषाचा करंट कुठून गेला ते दाखवणारे दिवे, आणि दुसऱ्या बाजूनं वीज देणारा जोड. शिवाय ऑटो रिक्लोजर. उघड्या तारांवरचे बरेचसे दोष क्षणाचे असतात, फांदी घासली, पक्षी एकदम दोन तारांना शिवला. रिक्लोजर लाईन तोडतो, थांबतो, जोडतो. दोन-तीनदा जमलं नाही की मगच गप्प बसतो. "सगळ्या तारा जमिनीखाली घाला" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, केबल तुटली तर टॉर्च कुठे विझवू?

आणि हो, इन्व्हर्टर आल्यापासून लोकांनी तक्रार करणंच सोडलंय. माझं ठाम मत आहे, फोन करा, खांबावरचा नंबर सांगा. त्या रात्री फाट्यावरच्या एका आजोबांनी आम्हाला चहाच्या वेळेला सांगितलं, "ठिणग्या तर संध्याकाळपासून उडत होत्या." मग कळवलं का नाहीत? म्हणाले, "तेव्हा लाईट होती ना!"