पुलावरची मुलं

कोपनहेगनला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो: बंदराच्या काठाला खडकावर बसलेली ती छोटी जलपरी. हॅन्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीतली ही, असं टूरचा गाइड सांगतो, आणि ते खरंच आहे. पण तो चेहरा एका बॅले नर्तकीचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०९ साली तिथल्या रॉयल थिएटरमध्ये या गोष्टीवरचा बॅले झाला. एलन प्राइस त्यात जलपरी झाली होती. कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल याकोबसेननी तो पाहिला आणि ते इतके भारावले, की त्यांनी पुतळाच करायला सांगितला. विवस्त्र बसायला प्राइसनी नकार दिला, म्हणून शिल्पकार एडवर्ड एरिक्सनने शरीरासाठी आपल्या पत्नीला बसवलं. १९१३ पासून ती तिथे आहे. गंमत अशी, की खुद्द अँडरसन चौदाव्या वर्षी गाव सोडून याच थिएटरच्या दारात आला होता. काही काळ तो तिथे नाच शिकला, एका बॅलेत राक्षसांच्या घोळक्यात उभाही राहिला.

तर आज मला या थिएटरच्या बॅले मंडळीबद्दल, रॉयल डॅनिश बॅलेबद्दल बोलायचं आहे. थिएटर १७४८चं, बॅलेची शाळा १७७१ची. १७७५ साली विन्चेन्झो गालेओत्ती नावाचा इटालियन तिथे आला आणि त्याने १७८६मध्ये मदनाच्या खोड्यांवर एक छोटासा बॅले बसवला. तो मूळच्या पावलांसकट आजपर्यंत पोचला आहे. नाच हवेत विरून जाणारी गोष्ट. पुस्तक कपाटात राहतं, मूर्ती देवळात राहते, नाच कुठे ठेवणार? या माणसांनी तो कुठे ठेवला, हाच आजचा माझा विषय.

या मंडळीचा मूळ पुरुष म्हणजे ऑगस्ट बूर्नोनव्हिल. जन्म १८०५, कोपनहेगनचाच. वडील फ्रेंच, तेही इथे बॅलेमास्टर, म्हणजे बॅले बसवणारे, मंडळी सांभाळणारे. मुलगा पॅरिसला जाऊन ऑग्युस्त व्हेस्त्रिसच्या हाताखाली तयार झाला, तिथल्या ऑपेरात नाचला आणि १८३० साली परत येऊन घरच्या मंडळीची सूत्रं त्याने हातात घेतली. मधली काही वर्षं सोडली तर १८७७पर्यंत ती त्याच्याकडेच होती. पन्नासच्या आसपास बॅले त्याने केले. आज पुरते उरलेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यातला सगळ्यात गाजलेला ‘ला सिल्फीद’. मूळचा पॅरिसचा, १८३२चा. लग्नाच्या दिवशीच एका स्कॉटिश तरुणाला वाऱ्यासारखी परी भुलवते, तो तिच्यामागे रानात जातो, आणि तिला जवळ ठेवायला म्हणून तिच्याभोवती शेला गुंडाळतो तेव्हाच तिचे पंख गळून पडतात. बूर्नोनव्हिलला पॅरिसचं संगीत परवडेना. त्याने लव्हेन्स्क्योल्ड नावाच्या कोवळ्या संगीतकाराकडून नवं करून घेतलं, आपली पावलं बसवली, आणि १८३६मध्ये प्रयोग केला. पुढे पॅरिसवाल्यांची मूळ पावलं हरवली. कोपनहेगनची राहिली, कारण तिथे नाचणं कधी थांबलंच नाही.

‘नापोली’ची जन्मकथा मात्र मला सगळ्यात आवडते. १८३६ची ती परी झाली होती ल्यूसिल ग्रान. गुरूशी तिचं बिनसलं आणि ती देश सोडून गेली. १८४१च्या मार्चमध्ये बूर्नोनव्हिल रंगमंचावर असताना तिच्या चाहत्यांनी शिट्ट्या मारून गोंधळ घातला. हा गडी नाच थांबवून सरळ राजाच्या बॉक्सपुढे गेला आणि विचारलं, महाराज, आता मी काय करू? राजा म्हणाला, चालू द्या. चालू दिलं, पण भर प्रयोगात राजाशी बोलणं म्हणजे राजाचा अपमान. सहा महिने त्याला बिनपगारी बाहेर बसावं लागलं. तो इटलीला गेला. नेपल्सची बंदरं, कोळी, लिंबूपाणी विकणारे, सणाची गर्दी हे सगळं डोळ्यांत भरून परतला आणि १८४२मध्ये ‘नापोली’ उभा केला. शिक्षेतून इतकं आनंदाचं काम करणारा माणूस मला दुसरा आठवत नाही.

आता त्याची शैली. आपल्याकडे गाण्याला घराणं म्हणतात, तोच शब्द इथे चपखल बसतो. घरी गेल्यावर एक करून बघा. दोन्ही हात वर झटकून उडी मारा, मग हात मांड्यांपाशी सैल सोडून मारा. पहिल्या वेळी हातच तुम्हाला वर खेचतात. दुसऱ्या वेळी सगळं काम पायांना करावं लागतं. बूर्नोनव्हिलचे नर्तक अशी दुसरी उडी मारतात, एकामागून एक, हवेत पाय झपाझप एकमेकांना भिडवत, आणि वर खांदे आणि चेहरा असा, की जणू कुणाशी गप्पा मारताहेत. उडीआधीची तयारी दिसू द्यायची नाही. दम लागला तरी तो प्रेक्षकाला कळता कामा नये. कष्ट लपवणं ही तिथे सभ्यता मानली जाते.

आणखी एक. त्या काळात पॅरिसमध्ये पुरुष नर्तकाची किंमत इतकी उतरली होती, की १८७०च्या ‘कोपेलिया’त नायकाची भूमिका एका बाईने केली. कोपनहेगनमध्ये बूर्नोनव्हिल स्वतः नाचणारा, त्यामुळे पुरुष नुसता उचलायला उभा राहिला नाही. जितका नाच नर्तकीला, तितकाच त्यालाही. पुढच्या शतकात एरिक ब्रूनसारखे नर्तक या मंडळीतून निघाले, त्याचं मूळ इथे आहे.

या कामाने रंगमंचाबाहेरही मूळ धरलं. १८५४च्या ‘लोककथा’ या बॅलेतला नील्स गेडचा वॉल्ट्झ डेन्मार्कमध्ये आजही लग्नात वाजतो. नवरानवरी मध्ये नाचतात, पाहुणे टाळ्या वाजवत भोवतीचं वर्तुळ लहान करत आणतात. १९९१मध्ये हा बॅले नव्याने झाला तेव्हा त्याचे पडदे आणि पोशाख राणी मार्गारेट दुसरी हिने केले.

गुरू गेल्यावर काय झालं? नोव्हेंबर १८७९मध्ये अठरा वर्षांच्या हान्स बेकचं पदार्पण झालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बूर्नोनव्हिलने ते पाहिलं. दोन दिवसांनी तो वारला. पुढे हाच बेक बॅलेमास्टर झाला आणि त्याने गुरूचे बॅले जपले. त्या काळात गुरूचे पाठ सहा वर्गांत बांधले गेले: सोमवारचा, मंगळवारचा, असे शनिवारपर्यंत. सोमवारी सोमवारचीच पावलं, त्याच सुरांवर, वर्षानुवर्षं. यात नुकसानही झालं, ते मी झाकणार नाही. त्याच सहा दिवसांत फिरून फिरून पाय एका चाकोरीत पडले. मग पुढचा बॅलेमास्टर हाराल्ड लान्डरने बाहेरच्या शैलींना दारं उघडली, १९४८मध्ये ‘एत्यूद’ हा बॅले केला. १९५१मध्ये रशियात वागानोव्हा या नामवंत बॅले शिक्षिकेकडे शिकलेली व्हेरा व्होल्कोव्हा शिकवायला आली. काही जुन्या जाणत्यांना भीती वाटली, रशियन धाटणीने पाय उंच जातील आणि घराण्याची चव जाईल. माझ्या मते ती भीती खोटी नव्हती, तरीही दार उघडणं भाग होतं. सहा वर्ग छापून आले ते १९७९मध्ये, गुरूच्या मृत्यूच्या शताब्दीला, कर्स्टन राल्वच्या हातून. तोवर ते प्रामुख्याने अंगातून अंगात आले.

‘नापोली’चा दुसरा अंक निळ्या गुहेतला. तो इतका रेंगाळे, की प्रेक्षक उठून शेजारच्या ब्रॉनुम कॅफेत जात. त्याला नावच पडलं ब्रॉनुमचा अंक. पण तिसऱ्याला सगळे परत येत. त्या अंकात मागे एक पूल असतो. पुढे टारान्टेला हा इटलीचा झपाट्याचा लोकनाच रंगतो, डफल्या वाजतात, आणि पुलावर शाळेतली मुलं उभी राहून पाहतात, हात हलवतात. खाली नाचणाऱ्यांतले कितीतरी जण कधीकाळी त्याच पुलावर उभे होते; कडेला बसलेले म्हातारे कोळीही, नाचणं सुटल्यावर मूकाभिनयाच्या भूमिका करत राहिलेले. रेकॉर्डिंग मिळालं तर पहिल्यांदा नर्तक बघा. मग मागे घेऊन पुन्हा लावा आणि या वेळी फक्त पुलाकडे बघा.