काउंट बिछाना घालतो तेव्हा

मित्रहो, ‘ड्रॅक्युला’ म्हटलं की आपल्याला सुळे दिसतात आणि काळा झगा. तो सिनेमातला. ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी उघडलीत, तर पहिल्या ओळीत रेल्वे भेटते. काउंट ड्रॅक्युलाच्या कामासाठी त्याच्या किल्ल्यावर निघालेला जोनाथन हार्कर हा तरुण सॉलिसिटर (म्हणजे वकील) रोजनिशीत लिहितो: १ मे, रात्री ८.३५ला म्युनिक सोडलं, व्हिएन्नाला ६.४६ला पोचायला हवं होतं, गाडी तासभर लेट. पुढे तिखट कोंबडी खाऊन तहान लागते, आणि मीनासाठी, म्हणजे त्याच्या वाग्दत्त वधूसाठी, याची कृती मागून घ्यायची, अशीही नोंद तो करतो.

स्टोकर लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. दौरे, पत्रव्यवहार, हिशेब यांत आयुष्य गेलेला माणूस. ड्रॅक्युलाचा किल्ला जिथं आहे तो ट्रान्सिल्व्हेनिया त्यानं कधी पाहिला नाही, पुस्तकांतूनच गोळा केला. मला वाटतं, इथली भीती ही अशा हिशेबी माणसानं रचलेली भीती आहे. पुस्तकात निवेदक असा नाहीच. रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं, एका जहाजाचं लॉगबुक, एवढंच आपल्या हाती येतं. आणि लिहिणाऱ्या कुणालाच पुढचं पान माहीत नसतं.

माझा आवडता प्रसंग रक्ताचा नाही. हार्करला किल्ल्यात नोकर कधी दिसत नाहीत, पण जेवण मात्र वेळेवर तयार असतं. एकदा तो हळूच खोलीत डोकावतो, तर काउंट स्वतः बिछाना घालतोय! नंतर दाराच्या फटीतून तो टेबल मांडतानाही दिसतो. शेकडो वर्षांचा सरदार चादर झटकतोय, हे ऐकताना हसू येतं (तुम्हीही आत्ता हसलात). मग हार्करचं डोकं चालू लागतं. घरात नोकर नाहीत, म्हणजे आपल्याला रात्री घाटातून आणणारा गाडीवानही हाच. आणि त्या गाडीवानानं नुसता हात वर करून लांडगे मागे हटवले होते. पाहा, नवं काहीच घडलेलं नाही. आपण मागे वाचलेल्याच पानांचा अर्थ फिरला. दाढी करताना आरशात काउंट दिसत नाही, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. पण काउंट आरसा खिडकीबाहेर भिरकावतो, तेव्हा हार्कर वैतागतो तो आता दाढी कशी करायची म्हणून, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता तारखांकडे या. १९ मे. काउंट अगदी गोड आवाजात तीन पत्रं लिहायला सांगतो. एकात काम संपत आलं, दुसऱ्यात उद्या सकाळी निघतो, तिसऱ्यात किल्ला सोडून बिस्ट्रिट्झ गावी पोचलो. तारखा कोणत्या घालू? काउंट मिनिटभर मनात हिशेब करतो आणि सांगतो: १२ जून, १९ जून, २९ जून. हार्कर लिहितो, आपलं आयुष्य किती ते आता कळलं. धमकी नाही, आरडाओरडा नाही. फक्त पत्रावरची तारीख.

काउंटला लपून इंग्लंडला नेणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजाच्या लॉगबुकातही हेच. काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून निघालेल्या जहाजावर कप्तान धरून नऊ माणसं. १६ जुलैला एक खलाशी नाहीसा, २४ला आणखी एक, ३०ला उरले चौघे. नोंदी तुटक, आणि मधले कोरे दिवस आपणच मनात भरत बसतो.

उत्तरार्ध मला तितका पकडत नाही, हे सांगून टाकतो. मीना सगळे कागद टाइप करून एकत्र लावते, ड्रॅक्युलाचा माग काढणारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग लांबलचक समजावत बसतो, सगळ्यांना सगळं कळतं. मग उरतो पाठलाग. तो चांगला आहे, पण पाठीत शिरशिरी येत नाही.

म्हणून मी परत मागे जातो, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला. मीना जोनाथनच्या पत्राची वाट पाहत तिथं थांबली आहे. २६ जुलैला ती लिहिते की त्याची चिठ्ठी आली, किल्ल्यावरून, एकच ओळ: घरी यायला निघतोय. ती कुठली चिठ्ठी, कुणी सांगून लिहवलेली, हे आपल्याला ठाऊक आहे. तिला नाही. ती एवढंच म्हणते की हे जोनाथनसारखं वाटत नाही.